शुक्रवारची यादी

कुलदीपने चौथ्या उदाहरणाखाली लाल पेनाने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘असं खरंच कोण लिहितं? अतिशयोक्ती वाटते. गाळावे.’ मग कागद टेबलावरून आकांक्षाकडे सरकवला आणि गार होत आलेला चहा एका घोटात संपवला.

कुलदीप अमरावतीच्या ज्या कॉलेजात शिकवायचा, तिथलं कॅन्टीन दुपारच्या त्या वेळी रिकामंच असायचं. आकांक्षा शेवटच्या वर्षाला होती. रोज नांदगाव खंडेश्वरहून एसटीने यायची आणि गेलं वर्षभर ‘कानोसा’च्या कामात होती. कानोसा म्हणजे पडद्यावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुलदीपने तो अकरा वर्षांपूर्वी लिहायला घेतला. त्यावर मालकी कोणाचीच नव्हती. ज्याला हवा त्याने घ्यावा, आत काय लिहिलंय ते उघडून वाचावं, सुधारणा सुचवावी, नाहीतर आपली वेगळी नक्कल काढून हवा तसा बदलावा. आलेली सुधारणा मूळ प्रोग्रामात घ्यायची की नाही, एवढं मात्र कुलदीप ठरवायचा. आणि ठरवणाऱ्या माणसाला होतं तसं, हळूहळू त्याला ठरवायची चटक लागली होती.

आता एका अंधशाळेला आपली मुलं या कामात सामील करायची होती. मुलं तुमच्या ऑनलाइन चर्चेत येणार, तर तिथे कोणी कोणाशी कसं बोलायचं याचे नियम आधी दाखवा, असं शाळेने कळवलं होतं. नियम कुठे होते? म्हणून आकांक्षाने नऊ नियम लिहून आणले होते, आणि त्यांच्याखाली ‘असे लिहू नये’ म्हणून सहा उदाहरणं.

तिने समासातला शेरा वाचला.

“सर, हे खरंच लिहिलेलं हाये.”

“कोणी?”

“सहाच्या सहा आपल्याच जुन्या चर्चेतली हायेत. मी फक्त नावं काढून टाकली.”

“मग हे कोणाचं?”

आकांक्षाने बॅगेची चेन उघडली, परत लावली.

“तारीख देतो ना सर. तुमीच पाहून घ्या.”

कुलदीपने कागद पुन्हा ओढून घेतला. ‘हा ढिगारा कोणी उपसायचा? इथे बालवाडी भरत नाही. आधी शिकून या, मग शिकवा.’ वाक्यं ओळखीची वाटली नाहीत. त्यातला ‘उपसायचा’ ओळखीचा वाटला. तो शब्द तो रोज वर्गात वापरायचा.

“निखतला लिहिलं होतं मी हे,” तो म्हणाला.

आकांक्षाने मान हलवली. तीन वर्षांपूर्वी ती बारावीत होती. तिला हे नाव जुन्या चर्चेतूनच माहीत होतं.

निखतला कुलदीपने कधी पाहिलं नव्हतं, तिचा आवाजही ऐकला नव्हता. ती अकोल्याची आहे, तिच्या थोरल्या भावाची नजर गेली आहे आणि तो कानोसा वापरतो, एवढंच ठाऊक होतं. आठ महिने, दर शुक्रवारी दुपारी, तिची एक यादी यायची. ‘१. आकडे वाचताना पाठीमागे कोणी लागल्यासारखा पळतो. २. कंस आला की गप्प बसतो. ३. भाईजान म्हणतात, आवाज चांगला आहे पण माणूस आपल्यावर रागावल्यासारखा वाटतो.’ कुलदीप ती वाचून एकटाच हसायचा आणि शनिवारचा दिवस घालवून एकेक मुद्दा मार्गी लावायचा. तिसऱ्या मुद्द्यावर तर त्याने तीन शनिवार घालवले होते.

मग एका शुक्रवारी यादीऐवजी तिने स्वतः लिहिलेला कोड आला. चारशे ओळी, एकाच गठ्ठ्यात. इथली रीत अशी, की एका वेळी एकच लहानसा बदल पाठवायचा आणि तो का केला ते दोन ओळींत सांगायचं. ही रीत कुठेही लिहिलेली नव्हती. ती सगळ्यांना माहीत होती, म्हणजे आधीपासून जे आत होते त्यांना. वर तिने चाचणीचा मजकूर म्हणून आपल्या दुकानाचा पत्ताच त्यात ठेवून दिला होता. कुलदीपने पहिलं पान पाहिलं आणि ते वाक्य लिहून मोकळा झाला. अकरा जणांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले. तो आकडा पाहून त्याला बरं वाटलं होतं, हे त्याला आता या कॅन्टीनमध्ये लख्ख आठवलं. आपण वऱ्हाडी माणसं, तोंडावर बोलतो, मनात ठेवत नाही, असं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. समोरची बाई अकोल्याची, म्हणजे तीही वऱ्हाडीच, हे सोयीने ध्यानात आलं नाही.

तिचं उत्तर आलं होतं. ‘ठीक आहे सर. शिकते. धन्यवाद.’

पुढच्या शुक्रवारी यादी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चौथ्या शुक्रवारी कुलदीपने तिला लिहायला घेतलं, ‘बऱ्याच दिवसांत’ एवढं लिहिलं आणि पुसलं. मोठेपणा आडवा आला, दुसरं काही नाही.

वाचणाऱ्याने भलतं मनात आणू नये. वलगावला त्याच्या घरी बायको होती, दुसरीत जाणारी मुलगी होती, आणि त्यांच्यात तो सुखी होता. पण शुक्रवारी चार वाजले की त्याचा हात आपोआप मेल उघडायला जायचा. हजारो लोक आता कानोसा वापरत होते. आभाराची पत्रं येत, एकदा तर शालश्रीफळही झालं. तुमचा माणूस रागावल्यासारखा वाटतो, असं मात्र पुन्हा कोणी सांगितलं नाही. त्या एका यादीसाठी तो तीन वर्षं झुरत होता, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

“गाळू नको,” तो आकांक्षाला म्हणाला. “राहू दे. खाली माझं नाव टाक.”

“मी नाई टाकत सर. मी कोनाचंच टाकलं नाई.” ती कागद गोळा करत उठली. “तुमाले टाकाचं असन तर तुमी टाका. अन् सहाव्या नियमावर सही राहिली तुमची.”

सहावा नियम होता, ‘कोणाचा पत्ता हाती लागला म्हणून न विचारता त्याच्या दारात जाऊन उभे राहू नये.’ कुलदीपने तो वाचला, बरोबर आहे म्हणाला आणि सही केली.

पुढच्या बुधवारी तो ताजनापेठेत उभा होता.

अकोल्याला त्याची प्रात्यक्षिक परीक्षेची ड्यूटी लागली होती, हे खरं. ती दोनला संपली आणि परतीची गाडी पाचला होती, हेही खरं. पण रिक्षावाल्याला त्याने स्टेशन सांगितलं नाही. त्या चारशे ओळींतला चाचणीचा मजकूर त्याने आदल्या रात्री उघडून पाहिला होता. ‘माझं नाव मोईज. मला ताजनापेठेत सोडा. मशिदीच्या बाजूची गल्ली, हिरवं दार, पत्रिकांची प्रेस.’ भाऊ कुठे हरवलाच तर कानोसाने लोकांना हे सांगायचं. यावर आपण हसलो होतो.

हिरवं दार अर्धं उघडं होतं. पायरीवर लग्नपत्रिकांच्या कात्रणांचा ढीग पडला होता, लाल, सोनेरी. आतून आवाज येत होता, आणि तो आवाज कुलदीपच्या इतक्या ओळखीचा होता की त्याचे पाय जागच्या जागी थांबले. कानोसा वाचत होता.

“आमचे येथे श्रीकृपेकरून.” मग एक थांबा. “आमचे ज्येष्ठ चिरंजीव.” पुन्हा थांबा. “मंगळवार दिनांक चोवीस.”

प्रत्येक ओळीच्या शेवटी तो क्षणभर थांबत होता. श्वास घेत होता. कुलदीपच्या प्रोग्रामात असं कुठेच नव्हतं. त्याचा कानोसा पूर्णविराम दिसेपर्यंत धावायचा, आणि पत्रिकेत पूर्णविराम कुठून यायचे?

“थांब रे,” आतला माणूस म्हणाला. “मंगळवारले तेवीस तारीख येते.” मग जरा मोठ्याने, “कोन हाये जी? उभे काहून? अंदर या ना.”

कुलदीपला सहावा नियम आठवला. सही वाळून पाच दिवसही झाले नव्हते. तरी तो आत गेला.

खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर चाळिशीचा एक माणूस बसला होता. दाढी नीट कातरलेली, डोळे उघडे आणि भलतीकडेच लागलेले. कानोसा अजून वाचतच होता, वराचे मामा, वराचे काका. त्या माणसाने बोटांनी कीबोर्ड चाचपला, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, तिसऱ्यावर आवाज बंद झाला.

“याले चुप करन्यातच गिऱ्हाईक निघून जाते,” तो म्हणाला. “बसा. पत्रिका पाहाची हाये का? निखत असती तं दाखवले असते नमुने. ती अंजनगावले गेली, गठ्ठा पोचवाले. मी मोईज, तिचा भाऊ. मले दाखवता येत नाई, पन कोनता गठ्ठा कुठं हाये ते सांगतो.”

“नाही, घाई नाही मला.” कुलदीप लाकडी बाकावर टेकला. “तुम्ही ऐकून चुका काढता?”

“मंग. पंधरा वर्स मशीन चालवली. डोळे गेले, कान हायेत. अन् वाचनाऱ्याले जे दिसत नाई ते आयकनाऱ्याले सापडते.” मोईज हसला. “तुमी तं मास्तर वाटता.”

“काहून?”

“वाक्य पुरं करून बोलता.”

कुलदीपला हसू आलं. बोलणं थांबायला नको म्हणून त्याने विचारलं, “हा वाचणारा प्रोग्राम चांगला आहे. कुठून आणला?”

“अमरावतीचे कोनी सर हायेत, त्याईचा. पह्यले दमच घेत नोता. पत्रिकेत एक एक ओळ अलग राहते ना जी. नवरदेव अन् मामा एकाच दमात वाचले तं लगन कोनाचं लागून राहिलं, तेच समजत नाई. निखतनं त्याले दम घ्याले शिकवलं.”

“मग त्या सरांना नाही का पाठवलं?”

“पाठवलं व्हतं. ते म्हनले, पह्यले शिकून या. तं ती शिकून राहिली.” मोईजने कात्रणाचा एक तुकडा बोटांत गुंडाळला. “शुक्रवारी दुपारनंतर प्रेस बंद राहते. मी नमाजहून आलो का ती बसते इथं, मी बाजूले. मले काय अडलं ते लिहून घेते, मंग दुरुस्त करते. तीन वर्स झाले. मी म्हनतो, बाई, आता तं पाठव. म्हनते, भाईजान, आनखी थोडं राह्यलं.”

कुलदीप खाली बघत बसला.

“राग नाही आला तिला? त्या सरांचा?”

“निखतले? नाई बाप्पा. दोन दिवस जेवली नाई, ते खरं. पन सर लय मोठे हायेत म्हनते. त्याईचं बरोबरच असन म्हनते.”

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मोईजने मान तिकडे वळवून ती जाईपर्यंत ऐकलं. कुलदीपला वाटलं, आत्ता सांगावं, तो मीच. मग वाटलं, सांगून काय, माफी या भल्या माणसाकडून घ्यायची आणि हलकं होऊन गाडी पकडायची? ती माफी मोईजने द्यायची नव्हती. तो उठला.

“येतो मी. पुन्हा येईन.”

“नाव काय सांगू तिले?”

“नमुने बघायला आलो होतो, एवढंच सांगा.”

“बरं,” मोईज म्हणाला. कुलदीप गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा मागून पुन्हा वाचन सुरू झालं होतं, ओळ, थांबा, ओळ.

घरी आल्यावर त्याने कानोसाचं पान उघडलं. उजव्या कोपऱ्यात एक आकडा होता, सत्तेचाळीस. इतक्या लोकांनी कानोसाची स्वतःची नक्कल काढून घेतली होती. हा आकडा कुलदीप भाषणात सांगायचा. त्यावर बोट ठेवून, ही माणसं कोण, असं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आता त्याने पाहिलं. बहुतेक नकला काढून विसरलेल्या होत्या. एकतिसाव्या नकलेत शेवटचा बदल गेल्या शुक्रवारचा होता.

तिथे सगळं होतं. प्रत्येक शुक्रवारची यादी होती, कोणालाही न पाठवलेली. पहिल्या यादीच्या वर लिहिलं होतं, ‘सर म्हणाले तसं शिकायला घेतलं आहे. चारशे ओळींचे तेवीस लहान बदल केले.’ कुलदीपने मूळ कानोसात जे जे नवं घातलं ते तिने आठवड्याच्या आत आपल्याकडे आणलं होतं. म्हणजे तीन वर्षं ती त्याच्या मागोमाग चालत होती, आणि त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. पहिल्या पानावर एक सूचनाही होती. ‘इथे पहिल्यांदा आलात का? बदल कसा पाठवायचा ते खाली एकेक पायरी करून लिहिलं आहे. चुकलं तरी चालेल.’ तिथे कधी कोणी आलंच नव्हतं. पाहुणा येवो न येवो, दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, तसं ते वाक्य तिथे होतं.

हे सारं एका बटणासरशी मूळ कानोसात ओढून घेता आलं असतं. नियमाने त्याला तशी मुभा होती. कुलदीपने माऊसवरचा हात काढून घेतला.

दोन संध्याकाळी बसून त्याने एकच लहानसं काम केलं. कानोसाला गप्प करायला तीन बटणं लागत, तिथे एक पुरेल असं केलं. का केलं, ते दोन ओळींत लिहिलं. निखतच्या सूचनेतल्या पायऱ्या एकेक करून पाळल्या, एक चुकली ती पुन्हा केली, आणि पूर्ण नावाने तो बदल तिच्या नकलेकडे पाठवून दिला. मग आकांक्षाच्या कागदावर चौथ्या उदाहरणाखाली लिहिलं, ‘हे वाक्य माझे आहे. ज्यांना लिहिले त्या तेव्हा आमच्या कामातल्या सर्वांत उपयोगी व्यक्ती होत्या. — कुलदीप’. नियमांचा तो कागद शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर गेला.

शुक्रवारी तीनपासून तो कॉम्प्युटरसमोर बसून होता. मुलगी दोनदा खेळायला बोलवून गेली. चार वाजले. सव्वाचार झाले. आता येणार नाही, आणि न येणं हेच बरोबर आहे, असं तो स्वतःला समजावत होता. वीस मिनिटांनी पत्र आलं.

‘नमस्कार. इथे बाहेरून आलेला हा पहिलाच बदल आहे. स्वागत. भाईजाननी तपासला, एका बटणात थांबतो. पण पुन्हा सुरू केल्यावर ओळीच्या मधूनच वाचतो. ओळीच्या सुरुवातीपासून वाचला तर बरं होईल. कसं करायचं ते समजलं नाही तर विचारा. घाई नाही.

आजची यादी :

१. ‘रु.’ आलं की अडखळतो.

२. उर्दू पत्रिकेतलं मराठी नाव वगळून पुढे जातो.

३. भाईजान म्हणतात, बुधवारचं गिऱ्हाईक नमुने न बघताच गेलं. दुकान रोज दहाला उघडतं, शुक्रवारी फक्त दुपारपर्यंत.

— निखत’

कुलदीपने यादी तीनदा वाचली. चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

मग तो कामाला लागला. ओळीच्या सुरुवातीला परत जायचं, तर तिने तो श्वास नेमका कुठे लिहिला आहे ते सापडायला हवं होतं. त्याने अर्धा तास शोधलं. त्या चारशे ओळींचं पहिलं पान सोडून त्याने पुढे कधी वाचलंच नव्हतं, आणि आता त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. अकरा वर्षांत त्याने इथे कोणाला प्रश्न विचारला नव्हता. विचारायची त्याला थोडी लाज वाटली.

मग त्याने विचारलं.